खोडलेलं वाक्य

लेखन आणि प्रकाशन विभागात वर्गाच्या दाराशीच एक बेसिन होतं. आत शिरण्याआधी सगळ्यांनी हात धुवायचे, कोरडे करायचे आणि मगच आपापल्या पाटीला हात लावायचा, असा नियम होता. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही मंडळी शस्त्रक्रिया शिकायला आली आहेत. हेमांगी लोहारलाही पहिल्या आठवड्यात हे सगळं हास्यास्पद वाटलं होतं. कराडच्या शनिवार पेठेतल्या छापखान्यात तिनं आठ वर्षं लग्नपत्रिकांचा मजकूर लावला होता. तिथे बोटांना कायम शाई आणि खळ लागलेली असायची, आणि त्यामुळे कुणाचं लग्न अडलेलं तिनं पाहिलं नव्हतं.

साक्षीपाटीला मात्र शाई चालत नसे. तिच्या काचेखाली बोटांच्या टोकांची नाडी वाचणारा एक पातळ पडदा होता. लिहिणारा कुठे थांबला, किती वेळ थांबला, काय लिहिलं, काय खोडलं, खोडताना नाडी किती चढली, हे सगळं पाटी टिपून ठेवायची. लेखन संपलं की या नोंदी तपासून ती ठरवायची, हे माणसानंच लिहिलं आहे का. तशी खात्री पटली तरच पानाच्या तळाशी एक छोटी गोल खूण उमटायची. तिला मानवमोहर म्हणत.

मोहरेची गरज का पडली, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. यंत्रांनी लिहिलेल्या पुस्तकांचा पूर येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती. एका वर्षी तर दिवाळी अंकच वीस हजारांवर निघाले. सगळे सुबक, सगळे निर्दोष, आणि लोकांनी ते हातातसुद्धा धरले नाहीत. शेवटी प्रकाशकांनी एकत्र बसून ठरवलं की मोहर नसेल तर छपाई नाही. मग मोहरेचं लेखन पारखणारी, त्याचं संपादन करणारी, ते वाचकापर्यंत नेणारी माणसं हवी झाली आणि ती कुठे मिळेनात. कृष्णाकाठ विद्यापीठानं हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला तो त्यासाठी. छापखाना बंद पडला तेव्हा हेमांगी अठ्ठावीस वर्षांची होती. हातात ऱ्हस्वदीर्घाचं पक्कं ज्ञान होतं, आणि ते कुठे वापरायचं ते कळत नव्हतं. तिनं अर्ज केला.

विभागप्रमुख डॉ. यशोधन केंजळे पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. तरुणपणी आलेल्या एकाच कवितासंग्रहानं त्यांचं नाव झालं होतं. पहिल्याच दिवशी ते वर्गाला म्हणाले, "चांगलं लिहिणारा माणूस आधी भरपूर वाईट लिहितो आणि खोडतो. तेव्हा मोकळेपणानं खोडा. तुमचा खोडपट, म्हणजे खोडलेल्याची नोंद, फक्त मोहरेसाठी असते. मोहर उमटली की ती पुसली जाते. खोडलेलं कुणी वाचत नाही. मीसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी पहिला पाठ दिला. 'घरातला एक आवाज' या विषयावर वीस मिनिटं लिहायचं. हेमांगीनं पाटीवर बोटं ठेवली आणि विचार करायच्या आधीच दोन वाक्यं लिहून मोकळी झाली. मग ती वाक्यं तिच्याकडे बघायला लागली. तिनं ती घाईघाईनं खोडली, आजूबाजूला पाहिलं, आणि गच्चीवरच्या टाकीत पहाटे पाणी पडायला लागतं त्या आवाजावर दीड पान लिहिलं. मोहर उमटली. केंजळे सरांनी त्यावर शेरा दिला, 'प्रामाणिक.'

ती दोन वाक्यं ती पुढे विसरली असं नाही. पण ती गेली, असं तिनं धरलं होतं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं चार महिने एखाद्या प्रकाशनगृहात उमेदवारी करायची असे. हेमांगीला पुण्यातलं एक नावाजलेलं प्रकाशनगृह मिळालं. तिथल्या संपादिका मीनल टिपणीस कामाला कडक होत्या, पण हेमांगीचे मुद्रितं तपासायचे डोळे पाहून दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला आपल्या शेजारचं टेबल दिलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिच्यासमोर एक जाडजूड पुस्तक ठेवलं.

"हे वाचलंयस?"

पुस्तकाचं नाव होतं 'उंबऱ्याशी थांबलेली माणसं'. लेखक उ. ग. धारणकर. हेमांगीनं मान हलवली. वाचलेलं नव्हतं, पण नाव कुणाला माहीत नव्हतं? आवृत्ती पाच आठवड्यांत संपली होती. वाचनालयांत प्रतीक्षायाद्या लागल्या होत्या.

"दुसरी आवृत्ती काढतोय," टिपणीस म्हणाल्या. "पहिली घाईत निघाली, त्यात चुका राहिल्यात. तू अथपासून इतिपर्यंत बघ. हे काम नीट झालं तर परीक्षेनंतर तू इथेच ये. मी साहेबांशी बोलले आहे."

हेमांगीनं आनंदानं पुस्तक जवळ ओढलं. ती म्हणाली, "लेखकांना काही विचारायचं झालं तर?"

"मेल करायची. ते भेटत नाहीत कुणाला. फार संकोची आहेत म्हणे." टिपणीस हसल्या. "पण लिहितात काय! एकशे त्रेचाळीसावं पान बघ. वाचकांची निम्मी पत्रं त्या एका पानाबद्दल येतात."

तिनं पुस्तक पहिल्या पानापासूनच सुरू केलं. शिस्तच तशी होती. गोष्ट एका गल्लीतली होती. प्रत्येक घरात एक माणूस काहीतरी लपवून जगत होता, आणि लेखक एकेका घरात शिरून ते अगदी हळू आवाजात सांगत होता. हेमांगीला चुका शोधायचं भान राहीना. हा धारणकर माणसांच्या आत शिरतो कुठून, असं तिला वाटत राहिलं. दुपारी चहाच्या आधी ती एकशे त्रेचाळीसाव्या पानावर आली.

'अण्णांचं नाव पाहून तिनं फोन पालथा ठेवला आणि सुनिताचं सुनीता केलं. घरी पोचल्यावर सगळ्यात आधी तिनं त्यांच्या फोनमधून आपल्याला आलेले तीन कॉल पुसून टाकले.'

तिनं ते पुन्हा वाचलं. मग पुस्तक मिटलं, उघडलं, आणि तिसऱ्यांदा वाचलं. डोळे आपलंच काहीतरी त्या पानात मिसळतायत असं तिला वाटलं. तिनं ओळीखाली बोट धरलं. बोटाखाली अक्षरं तीच होती. तिनं मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. कानात कुणी हळूहळू पाणी भरावं तसं कार्यालयातल्या लोकांचं बोलणं लांब जात होतं.

तिनं पाटीवर लिहून खोडलेली दोन वाक्यं हीच होती. फरक एकच. तिनं 'मी' लिहिलं होतं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. अण्णा, म्हणजे तिचे वडील, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते आणि त्या दिवशी बरं वाटत नाही म्हणून घरी राहिले होते. आई उंब्रजला मावशीकडे गेली होती. छापखान्यात एका पत्रिकेची घाई होती. गिऱ्हाईक समोर बसून होतं आणि वधूच्या नावातली वेलांटी चुकली म्हणून तणतणत होतं. सव्वा अकराला फोन वाजला. अण्णांचं नाव होतं. काही आणायला सांगत असतील, नंतर बघू, म्हणून तिनं फोन पालथा ठेवला. तो आणखी दोनदा थरथरला. दीड वाजता ती घरी गेली तेव्हा अण्णा खाटेवर पडले होते, फोन छातीवर होता. शेजाऱ्यांना हाक मारायच्या आधी तिनं तो फोन उचलला आणि तीन कॉल पुसले. का पुसले, ते तिला आजही सांगता आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले असतील. आईनं ते वाक्य धरून ठेवलं. गेली सात वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगत आली होती की ह्यांना काही त्रास झाला नाही, झोपेतच गेले.

हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. आणि आता ते हजारो घरांत होतं.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?" टिपणीस विचारत होत्या.

"मॅडम, हे धारणकर... यांना कुणी कधी पाहिलंय?"

"नाही म्हटलं ना. करार मेलवर झाला. मोहर आहे की पुस्तकावर, पूर्ण मोहर! आम्ही दोनदा तपासली." टिपणीसांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "असं होतं गं. मलाही ते पान वाचताना वाटलं होतं, हे कुणीतरी खरंच केलंय."

हेमांगीनं अंगात कणकण असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन विद्यापीठ गाठलं.

केंजळे सरांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मात्र कोणतं वाक्य आणि कुठलं पान, ते तिनं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की मी वर्गात लिहून खोडलेलं या पुस्तकात छापलं गेलंय, शब्दाला शब्द.

"हेमांगी, माणसांची दुःखं सारखी असतात," सर म्हणाले. "दोन माणसांना एकच ओळ सुचणं अशक्य नाही."

"सुचणं नाही सर. यात एक वेलांटीची चूक आहे. ती चूक माझ्या छापखान्यातली आहे."

सर थोडे अस्वस्थ झाले. "तुला काय हवंय?"

"वर्गात यातली काही पानं वाचून दाखवायची आहेत. बाकी काही बोलणार नाही."

त्या दिवशी वर्गात सतरा जण होते. उमेदवारीच्या काळात दर पंधरवड्याला सगळ्यांनी एकत्र यायचं असे, तो हा दिवस होता. केंजळे सर खिडकीपाशी उभे राहिले. हेमांगीनं पुस्तक उघडलं आणि मधलं एक प्रकरण वाचायला सुरुवात केली. आपलं पान तिनं टाळलं.

पहिली काही मिनिटं सगळे मन लावून ऐकत होते. दोघातिघांनी पुस्तक वाचलेलंही होतं असं दिसलं. मग ती एका परिच्छेदाशी आली.

"'आजी गेली असं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या मनात सगळ्यात पहिल्यांदा आलं ते हे, की आता ती खोली आपल्याला मिळेल.'"

दुसऱ्या रांगेतल्या सुलक्षणा कणसेच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. ती उचलायला ती वाकली नाही. ती हेमांगीकडे अशी बघत राहिली, जणू भर वर्गात हेमांगीनं तिच्या थोबाडीत दिली होती.

हेमांगीला थांबायचं होतं, पण थांबता येईना. तिनं पान उलटलं.

"'ताईच्या लग्नात अक्षता टाकताना तो मनात एकच म्हणत होता, हे मोडू दे.'"

मागच्या बाकावरचा इरफान मुजावर उठला. कुणाकडे न पाहता त्यानं पिशवी उचलली आणि दाराबाहेर गेला. बेसिनचा नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला.

आता वर्गात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पुढचं वाक्य आपलं निघेल या भीतीनं सगळे खाली माना घालून बसले होते. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, इतकी धडधाकट माणसं अशी बसलेली हेमांगीनं कधी पाहिली नव्हती. तिनं प्रकरणाचा शेवट वाचायला घेतला.

"'ज्या कवितासंग्रहावर त्याला नोकरी मिळाली, त्यातल्या अकरा कविता त्याच्या वारलेल्या मित्राच्या होत्या. मित्राची बायको दरवर्षी त्याला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायची आणि त्याच्या कवितांचं कौतुक...'"

"पुढे वाचू नकोस," केंजळे सर म्हणाले.

ते खिडकीला पाठ टेकून उभे होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. विद्यार्थ्यांना पाटी कशी वापरायची ते दाखवताना त्यांनी स्वतः कितीतरी वेळा तिच्यावर लिहिलं होतं आणि खोडून दाखवलं होतं. वर्गातल्या सगळ्यांना ते एकाच वेळी आठवलं असावं. सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि ते कुठे पाहावं ते न कळून स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

संध्याकाळपर्यंत त्यांनी साक्षीपाटी बनवणाऱ्या कंपनीशी बोलणं जुळवून आणलं. त्यांच्या खोलीतल्या पडद्यावर एक तरुण अधिकारी बाई आली. नीटनेटकी, हसऱ्या चेहऱ्याची. खोलीत केंजळे सर, हेमांगी आणि सुलक्षणा होते.

"धारणकर कोण आहेत?" हेमांगीनं थेट विचारलं.

"ती आमची लेखनप्रणाली आहे," बाई म्हणाली. एवढ्या सहज उत्तराची कुणी तयारी केली नव्हती. "टोपणनावानं पुस्तक काढायला कायद्याची हरकत नाही."

"म्हणजे यंत्र? मग त्याला मानवमोहर कशी मिळाली?"

"मोहर लेखक कोण ते तपासत नाही, मॅडम. ती थांबे तपासते. माणूस कुठे अडखळतो, कुठे मागे येतो, काय लिहून घाबरतो, ते. आमच्या प्रणालीनं ते थांबे शिकून घेतलेत. तुमच्याकडून आणि अशाच आणखी बत्तीस विभागांकडून. थांबे माणसांचेच आहेत. मोहर खोटी नाही."

सुलक्षणा ओरडली, "पण वाक्यं? आमची वाक्यं कशी घेतलीत तुम्ही?"

"हे बघा," बाई समजुतीच्या स्वरात म्हणाली, "छापलेलं जेवढं होतं तेवढं यंत्रांनी कधीच वाचून संपवलंय. त्यातून नवं काही निघेना, म्हणून तर वाचकांनी ती पुस्तकं नाकारली. जे कुठेच नव्हतं ते एकच होतं. माणसं जे लिहितात आणि लगेच खोडतात, ते. तुम्ही ते टाकून दिलं होतं. प्रवेशाच्या वेळी एकोणिसाव्या कलमावर तुमच्या सह्या आहेत. 'लेखनप्रक्रियेतील उर्वरित सामग्री.'"

"ते कलम मी वाचलं होतं," केंजळे सर पुटपुटले. "मला वाटलं, उर्वरित सामग्री म्हणजे आकडे असतील. थांबल्याचे सेकंद वगैरे."

"तुम्हाला तक्रार करता येईल," बाई म्हणाली. "वाक्य कोणतं, आणि ते तुमचंच आहे असं तुम्ही कशावरून म्हणता, एवढं लिहून सही करा. आम्ही जपून ठेवलेल्या खोडपटाशी पडताळून पाहू. जुळलं तर पुस्तक मागे घेऊ. फक्त तक्रार सार्वजनिक नोंदीत जाते. नियमच आहे तसा."

पडदा विझला. मग सुलक्षणा म्हणाली, "म्हणजे ते माझं आहे असं सिद्ध करायचं तर ते माझं आहे असं मान्य करावं लागेल. सगळ्यांसमोर. माझ्या आईसमोर." ती उठली. "मी नाही करणार. मला माफ कर हेमांगी, मी ते वाक्य कधी लिहिलंच नाही."

ती गेल्यावर केंजळे सरांनी कोरे तक्रार अर्ज छापून काढले, एक हेमांगीसाठी आणि आणखी एक. तो दुसरा कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

"मला सोमवारपर्यंत वेळ हवा," हेमांगी म्हणाली.

"मलाही," सर म्हणाले.

जिन्यात आल्यावर हेमांगीच्या मनात एक विचार आला आणि त्याची तिला शिसारी आली. वाचकांची निम्मी पत्रं त्या पानाबद्दल येत होती. दोन वर्षं ती चांगलं लिहायला शिकत होती, आणि तिच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं लेखन तिनं वीस सेकंदांत खोडून टाकलेलं होतं. टाकीतल्या पाण्याबद्दल कुणी कधी पत्र लिहिलं नसतं.

शनिवारी सकाळच्या एसटीनं ती कराडला निघाली. अर्ज पिशवीत होता. वाटेत तिनं आईला सांगायची वाक्यं मनात जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. तक्रार केली की टिपणीसांकडची नोकरी जाणार, हे उघड होतं. त्याची भीती तिला आता फारशी वाटत नव्हती. आई पेपरात वाचण्याआधी आपल्या तोंडून तिला कळलं पाहिजे, एवढंच तिनं ठरवलं होतं.

आई दारातच गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. लेक अचानक आलेली पाहून ती हरखली. "अगं, कळवायचं तरी! थांब, चहा टाकते." ती उठली, आणि तिच्या मांडीजवळ पालथं घातलेलं पुस्तक हेमांगीला दिसलं. नगरवाचनालयाचा शिक्का. 'उंबऱ्याशी थांबलेली माणसं.'

"आई, हे कुठून आलं?"

"वाचनालयातून. दोन महिने नंबर लावला होता, तेव्हा कुठे मिळालं. काल संपवलं." आई पुन्हा खाली बसली. चहा ती विसरलीच. "हेमे, यात एक पोरगी आहे बघ. तिचा बाप मरताना तिला फोन करतो आणि ती उचलत नाही. घरी जाऊन ते कॉल पुसून टाकते, आईला कळू नये म्हणून. मी काल इतकी रडले गं त्या पोरीसाठी. एवढंसं लेकरू. तिला काय माहीत होतं? तिच्या आईनं तिला नुसतं जवळ घ्यायला हवं होतं. पण ती सांगतच नाही शेवटपर्यंत. मला असं वाटलं, पुस्तकात शिरावं आणि तिला सांगावं, बाई, तुझी काही चूक नाही."

हेमांगीनं बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही तिला सापडेना. ती आईच्या समोर फरशीवर बसली.

"आई, ती मी आहे."

"काय?"

"ती पोरगी. अण्णांनी मला फोन केला होता. तीनदा. मी उचलला नाही. त्यांच्या फोनमधून मीच पुसले ते कॉल."

आई हसली. चेष्टा आहे असं वाटून माणूस हसतं तसं. मग तिनं लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते हसू तिच्या ओठांवर तसंच राहून गेलं, कुणी काढायला विसरल्यासारखं. हातातली शेंग तिनं हळूच ताटात ठेवली.

हेमांगी सगळं सांगत गेली. गिऱ्हाईक, वेलांटी, पाटी, दोन वाक्यं, धारणकर म्हणजे कुणी माणूस नाही, हे सगळं. आईनं मधे एकही प्रश्न विचारला नाही. सांगून संपलं तेव्हा ती म्हणाली, "किती वाजता?"

"पहिला सव्वा अकराला."

"आणि शेवटचा?"

"अकरा बावीस."

आईचे ओठ हलले. ती मोजत होती. "सात मिनिटं," ती म्हणाली. "सात मिनिटं हे जागे होते."

"आई..."

"मी लोकांना सांगत होते, झोपेत गेले. देवासमोर हात जोडून सांगत होते, बरं झालं, झोपेत नेलंस." तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. "आणि हे फोन लावत होते. मला का नाही लावला? उंब्रज लांब म्हणून? तू दोन गल्ल्यांवर होतीस म्हणून तुला लावला असेल. हो ना?"

हेमांगीनं आईचा हात धरायला हात पुढे केला. आईनं आपला हात मागे घेतला. झटकन नाही, पण घेतला.

समोरच्या घरी कुणीतरी मिक्सर लावला आणि बंद केला. आईनं पुस्तक उचललं, ते सरळ केलं, ते पान शोधलं आणि त्यावर तळहात ठेवला.

"या पोरीला मी काल माफ केलं," ती म्हणाली. "एका क्षणात केलं. वाटलंसुद्धा नाही की माफ करतेय. आणि तू इथे माझ्यासमोर बसलीयस, माझ्या पोटची, तर मला ते जमत नाहीये. जमेल कदाचित. पण वेळ लागेल मला हेमे. खोटं कशाला बोलू?"

"चालेल," हेमांगी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं तिला भान नव्हतं. तिनं पिशवीतून अर्ज काढला. "सोमवारी मी यावर सही करणार आहे. मग ते पुस्तक मागे घेतील. सगळीकडून."

आईनं अर्जाकडे पाहिलं. मग पुस्तकाकडे. तिनं पुस्तक लेकीला दिलं नाही, स्वतःजवळच धरून ठेवलं.

"माझ्या घरात काय घडलं ते मला एका मशीननं सांगितलं," ती म्हणाली. "त्यानं चोरलं, हे कळलं मला. त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, तू सही कर. पण मला एक सांग, आणि आता खरं सांग. त्यानं चोरलं नसतं, तर तू मला हे कधी सांगितलं असतंस का?"